मामांचा काळा फोटो

आमच्या मेसचे मामा मे महिन्यात कायमचे गावी, राजापूरला निघाले. इतकी वर्षं त्यांनी पोरांना वाढलं, पण एकाही ग्रुप फोटोत ते नाहीत, कारण फोटोच्या वेळी हा माणूस नेहमी भट्टीपाशी. म्हणून निरोपाच्या दिवशी त्यांना खुर्चीत बसवलं, मागे आम्ही सगळे. फोटो काढायला कट्ट्यावर मोबाईल टेकवून टायमर लावला तो मी. आणि मामांना बसवलं खिडकीकडे पाठ करून! खिडकीबाहेरचा आंबा झकास आला, मामा मात्र कोळशाचं पोतं. तेवढ्यात बॅटरी गेली, पोरं जेवायला पळाली. दुसरा फोटो नाही, आणि परवाच्या एस.टी.चं रिझर्व्हेशन झालेलं.

रात्री गिम्प उघडलं. (फुकट आहे, चोरीची सीडी शोधत फिरू नका.) रूममेट म्हणाला, "ब्राइटनेस वाढव की!" वाढवला. काळ्याचा करडा झाला, सगळ्या फोटोवर पिठूळ धुकं पसरलं. ही चूक आपण सगळेच करतो.

त्याऐवजी 'कलर्स' मेनूतलं 'लेव्हल्स' उघडा. तिथे हिस्टोग्राम दिसतो: डावीकडे काळं म्हणजे 0, उजवीकडे पांढरं म्हणजे 255. माझ्या फोटोत डावीकडे एक डोंगर (आम्ही), उजवीकडे एक टेकडी (आंबा). खाली तीन त्रिकोण असतात, त्यातला मधला डावीकडे सरकवायचा. हा गॅमा. गॅमा 2 केला की 0 ते 1 च्या मापात प्रत्येक किमतीचं वर्गमूळ निघतं. म्हणजे 25 चे साधारण 80 होतात, पण 0 हा 0 च राहतो आणि 255 हा 255. काळं काळंच राहतं, मधलं उजळतं. एम-वनचा इथे उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

मामा दिसले, पण आंबा पांढराफटक पडला. मग अन्डू करून लेयरची कॉपी केली आणि तिला लेयर मास्क लावला. मास्क लावताना 'ग्रेस्केल कॉपी ऑफ लेयर' निवडून 'इन्व्हर्ट मास्क'वर टिक करायची. मूळ फोटोत जिथे अंधार तिथे मास्क पांढरा, म्हणून बदल तिथेच दिसतो, खिडकी वाचते. मास्कला थोडा गॉशियन ब्लर द्या. जास्त दिलात तर डोक्याभोवती प्रभावळ उमटते आणि मामा थेट संतपदाला पोचतात. आणि हो, लेव्हल्स फिरवण्याआधी लेयरच्या चित्रावर पुन्हा क्लिक करा. मी अर्धा तास मास्कवरच लेव्हल्स फिरवत बसलो होतो.

आता खरी अडचण. उजळलेल्या सदऱ्यावर लाल-हिरवे दाणे. हे सॉफ्टवेअरचं पाप नाही. प्रकाश फोटॉनच्या रूपात येतो. सरासरी 10,000 फोटॉन पडले तर चढउतार त्याच्या वर्गमुळाइतका, 100 चा, म्हणजे 1 टक्का. अंधारात 100 च पडले तर चढउतार 10, म्हणजे 10 टक्के! आपण उजळतो तेव्हा हा गोंधळही उजळतो. शिवाय जेपीईजीत प्रत्येक रंगाच्या 256 च पायऱ्या. त्यातल्या खालच्या तीसेक ताणल्या की हिस्टोग्रामचा कंगवा होतो. 12 बिट रॉ फाईलमध्ये 4096 पायऱ्या असतात, म्हणून सोय असेल तर रॉमध्येच काढा.

दाण्यांवर उपाय सापडला. लेयर एकत्र करून 'डीकंपोज'मध्ये 'लॅब' निवडलं. एल मध्ये उजेड-अंधार, ए आणि बी मध्ये फक्त रंग. ब्लर फक्त ए आणि बी ला दिला आणि 'कंपोज' केलं. रंगीत दाणे गेले, सुरकुत्या राहिल्या. सरसकट ब्लर केला असता तर मामा मेणाचे दिसले असते.

रात्रीच्या अंधारात स्क्रीनचा ब्राइटनेस फुल्ल ठेवून हे सगळं केलं, त्यामुळे सकाळी प्रिंट काळपटच आली. नशीब, आधी चार बाय सहाची ट्रायल काढली होती. स्क्रीन अर्ध्यावर आणून गॅमा अजून थोडा वाढवला, मग मोठी प्रिंट आणि फ्रेम.

स्टँडवर मामांनी फ्रेम हातात घेतली, चष्मा वर केला, बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "खिडकीची जाळी पुसायची राहिलीच की रे माझी."