आय३ की रायझन?

प्रश्न : माझं सेवा केंद्र आणि फोटो स्टुडिओ आहे. नव्या डेस्कटॉपसाठी इंटेल कोअर आय३-१२१०० घ्यावा की एएमडी रायझन ५ ५६००जी?
– एक वाचक, कनेरगाव नाका (जि. हिंगोली)

उत्तर : तुमचा दिवस कोणत्या कामात जातो, त्यावर हे ठरतं. आय३मध्ये ४ कोअर, ८ थ्रेड. रायझनमध्ये ६ आणि १२. पण फॉर्म भरणं, सातबारा काढणं, पासपोर्ट फोटो कापून शीटवर लावणं ही कामं बहुतेक एकाच कोअरवर चालतात. तिथे रायझनचे जादा कोअर नुसते बसून राहतात. गिगाहर्ट्झच्या आकड्यावरही जाऊ नका. कमाल वेग आय३चा ४.३, रायझनचा ४.४, तरी एका ठोक्यात आय३ जास्त काम उरकतो.

लग्नसराईत शेकडो फोटो एकदम प्रोसेस करायचे असतील, तर मात्र रायझन घ्या. त्याचं अंगचं ग्राफिक्सही दमदार आहे. ते रॅममधूनच वाटा घेतं आणि दोन स्टिक असल्या की रॅम जास्त वेगाने डेटा पुरवते, म्हणून ८ जीबीच्या दोन स्टिक लावा, १६ची एक नको.

दुकानात कुणी आय३-१२१००एफ पुढे केला, तर थांबा. त्यात ग्राफिक्स नाही. वेगळं कार्ड नसेल तर स्क्रीन काळीच राहील. खोक्यावरचं ते शेवटचं अक्षर वाचूनच पैसे द्या.

केंद्राचं काम जास्त असेल तर मी आय३च घेईन, आणि एसएसडी व यूपीएससाठी पैसे आधी बाजूला काढीन. फॉर्म अर्धा भरलेला असताना लाइट गेली, तर कोणताच प्रोसेसर तो वाचवत नाही.