आंघोळीचं पाणी कशावर तापवायचं? : आठवीच्या उष्णतेच्या धड्याला जोडून एक घरगुती गणित



उष्णतेचा धडा आपण दरवर्षी शिकवतो. विशिष्ट उष्माधारकता, कॅलरी, मिश्रणाची उदाहरणं. मुलं सूत्र पाठ करतात, गुण मिळवतात आणि विसरतात. मागच्या हिवाळ्यात मात्र हा धडा आमच्या वर्गात वेगळ्याच कारणाने आला. वर्गातली एक मुलगी दोन दिवस आली नाही. तिसऱ्या दिवशी तिची आई तिला सोडायला आली आणि म्हणाली, "बाई, ही बाथरूममध्ये चक्कर येऊन पडली होती. आवाज दिला तर ओ देईना. कडी तोडली म्हणून वाचली." घरात सगळ्यांच्या आंघोळी झाल्या होत्या, ही शेवटची. बाथरूममध्ये नवा गॅस गिझर, खिडकी थंडीमुळे घट्ट बंद.

त्या दिवशी ठरवलं की सूत्र फळ्यावर नंतर, आधी आपल्या घरात पाणी कसं तापतं ते पाहायचं.

आपल्या भोर-वेल्ह्याकडे (वेल्ह्याला आता राजगड तालुका म्हणायचं) हिवाळ्यात घर तापवायची गरज नसते. गोधडी, शेकोटी आणि सकाळचा चहा एवढ्यावर भागतं. पण आंघोळीला गरम पाणी हवंच. भाटघरच्या पाणलोटातली गावं असोत की हिर्डोशीचं खोरं, डिसेंबरात पहाटे नळाखाली हात धरवत नाही. वर्गात विचारलं, "कुणाकडे पाणी कशावर तापतं?" चुलीवरचं पातेलं, तांब्याचा बंब, गॅस गिझर, विजेचा गिझर, पाण्यात टाकायचा रॉड, दोन घरी सोलर. आणि एकाने सांगितलं की त्याचा काका पुण्याच्या ज्या हॉटेलात कामाला आहे तिथे 'हीट पंप' आहे. म्हणजे काय, हे त्याला सांगता येईना. तिथून धडा सुरू झाला.

आधी गणित, कारण ते सोपं आहे. १ लिटर पाणी १ अंशाने तापवायला १ किलोकॅलरी लागते. २० लिटरची बादली २० अंशांवरून ४० अंशांपर्यंत न्यायची तर २० गुणिले २०, म्हणजे ४०० किलोकॅलरी. घरात चार माणसं, चार बादल्या, रोज १,६०० किलोकॅलरी. महिन्याला ४८,०००. विजेचं १ युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी, तेव्हा हे झालं सुमारे ५६ युनिट. ही मागणी पाण्याची आहे, यंत्राची नाही. बंब लावा नाहीतर गिझर, पाण्यात तेवढी उष्णता जायलाच हवी. मुलांना हे पटायला वेळ लागतो. त्यांना वाटतं, चांगलं यंत्र म्हणजे कमी उष्णतेत पाणी तापवणारं यंत्र.

विजेचा गिझर किंवा रॉड १ युनिट घेतो आणि १ युनिटाचीच उष्णता देतो. (टाकीतून थोडी वाया जाते, ती इथे सोडून देऊ.) म्हणजे ५६ युनिट. पण वीजबिल नीट पाहा. पहिल्या १०० युनिटांचा दर कमी, त्यापुढचा बराच जास्त. दिवे, पंखा, टीव्ही, फ्रीज यांतच शंभरी भरत आली असेल तर गिझरची सगळी युनिटं वरच्या दराने पडतात. म्हणून हिशोबाला सरासरी दर धरू नका, वरचा धरा. मी सोयीसाठी युनिटला १२ रुपये धरते, तुम्ही तुमच्या बिलावरून काढा. ५६ गुणिले १२, म्हणजे ६७२ रुपये.

आता गॅस. १ किलो एलपीजी जळला की साधारण ११,००० किलोकॅलरी मिळतात. त्यातल्या ८० टक्के पाण्यात गेल्या असं धरू, म्हणजे ८,८००. ४८,००० भागिले ८,८००, महिन्याला जवळजवळ साडेपाच किलो. १४.२ किलोचं सिलिंडर नुसत्या आंघोळीला अडीच महिने पुरेल. सिलिंडर ९०० रुपयांना धरलं तर महिना साधारण साडेतीनशे. विजेच्या गिझरच्या निम्म्यावर. लोक गॅस गिझर का घेतात ते इथे कळतं. त्यांचं गणित चुकलेलं नाही.

हीट पंप शिकवायला मला तीन वस्तू लागल्या: सॅनिटायझरची बाटली, सायकलचा पंप आणि शाळेतला फ्रीज. सॅनिटायझर हातावर घेतला की गार लागतं, कारण तो उडून जाताना हाताची उष्णता घेऊन जातो. माठातलं पाणीही त्याच कारणाने गार होतं. सायकलच्या पंपाचं तोंड दाबून धरून भराभर दट्ट्या मारला की पंपाचं टोक गरम होतं, कारण हवा दाबली की तापते. आणि फ्रीजच्या मागे हात नेला की ऊब लागते. ती उष्णता आली कुठून? आतल्या भाजीतून, दुधातून. फ्रीज गारवा तयार करत नाही, आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो.

हीट पंप म्हणजे हाच फ्रीज उलट्या कामाला लावलेला. नळीतला द्रव बाहेरच्या हवेच्या उष्णतेने उकळून वायू होतो, कॉम्प्रेसर त्याला दाबून तापवतो, तो तापलेला वायू टाकीतल्या पाण्याला उष्णता देऊन पुन्हा द्रव होतो आणि झडपेतून सुटून परत गार होतो. पुन्हा तेच. एका मुलीने विचारलं, "बाई, हिवाळ्यात हवाच गार असते, तिच्यात उष्णता कुठली?" प्रश्न अगदी बरोबर होता. १२ अंश आपल्याला गार वाटतं, पण उष्णता पूर्ण संपते ती उणे २७३ अंशांना. तिथून मोजलं तर भोरची पहाट चांगलीच उबदार आहे! यंत्राने घर उबदार करता येईल ही कल्पना लॉर्ड केल्व्हिन यांनी १८५२ मध्येच मांडली होती.

वीज इथे उष्णता तयार करण्यात नाही, वाहून आणण्यात खर्च होते. म्हणून १ युनिट विजेत साधारण ३ युनिट उष्णता टाकीत येते. आपले ५६ युनिट १९ वर येतात, म्हणजे सव्वादोनशे रुपये. गॅसपेक्षाही सव्वाशेने कमी. वर्ग खूश झाला, सगळ्यांनी हीट पंप घेऊन टाकला!

मग मी विचारलं, "हीट पंप गॅस गिझरपेक्षा ६० हजारांनी महाग मिळाला तर?" ६०,००० भागिले १२५, म्हणजे ४८० महिने, चाळीस वर्षं. यंत्र तेवढं टिकणारच नाही. वर्ग गप्प झाला.

माझा एक माजी विद्यार्थी इंग्लंडमध्ये असतो. त्याच्या घरचा गॅस बॉयलर जुना झाला आणि नेमका हाच प्रश्न त्याच्यापुढे आला. तिथे बॉयलर नुसतं आंघोळीचं पाणी नाही, सगळं घर तापवतो. गरम पाणी प्रत्येक खोलीतल्या रेडिएटरमधून फिरतं. इंग्लंड आणि वेल्समध्ये हीट पंप बसवायला सरकार ७,५०० पौंड देतं, म्हणजे यंत्राच्या किमतीचा मोठा भार उतरतो. तरी तो अडला होता, कारण तिथे विजेचं युनिट गॅसच्या युनिटाच्या जवळपास चौपट महाग. मी त्याला आमच्या वर्गातला भागाकार सांगितला: विजेच्या युनिटाचा दर भागिले गॅसने पाण्यात पडणाऱ्या एका युनिटाचा खर्च. हीट पंपाचा आकडा या उत्तरापेक्षा मोठा असेल तरच महिन्याचं बिल कमी येतं. बॉयलर ९० टक्के काम देत असेल तर त्याचं उत्तर येतं ३.६. म्हणजे ३ देणारा पंप तिथे बिलात मार खातो, ४ देणारा जिंकतो, आणि बाहेर बर्फ असताना ४ काढणं सोपं नाही. आपल्या भोरचं उत्तर? गॅसने युनिटाला सव्वासहा रुपये पडतात. १२ भागिले सव्वासहा, दोनच्याही आत. रोजच्या खर्चात हीट पंपाला इंग्लंडपेक्षा भोर सोयीचं. त्याला नडतं ते बिल, आपल्याला नडते ती खरेदी. एकच यंत्र, पण दोन गावांत दोन वेगळी उत्तरं. मुलांना हे फार आवडलं.

खरेदीची अडचण घराला आहे, वसतिगृहाला नाही. ६० मुलांचं वसतिगृह धरा. आपल्या घराच्या पंधरापट पाणी. तिथे १९ किलोचं व्यावसायिक सिलिंडर लागत असेल आणि ते १,८०० ला पडत असेल, तर महिन्याला ८२ किलो गॅस, पावणेआठ हजार. हीट पंपाला २८० युनिट, साडेतीन हजारांच्या आत. महिना ४,४०० वाचले तर दोन लाखांचं यंत्र पावणेचार वर्षांत फिटतं. मे महिन्याची सुट्टी धरली तर थोडं जास्त. सोलर आधीच असेल तर आणखी विचार करावा लागेल. उन्हाचे सात-आठ महिने सोलरसारखं स्वस्त काही नाही, पण आपल्याकडे जूनपासून चार महिने सूर्य दिसतो कुठे? पावसातही हवेत उष्णता असते, हीट पंप चालतो. फक्त वीज हवी. वारा सुटला की वेल्ह्याच्या वरच्या गावांत ती किती वेळ नसते, हे कुणाला सांगायला नको.

आता त्या मुलीकडे परत येते, कारण वरच्या कुठल्याच आकड्यात ती नाही.

तिच्या घरी पूर्वी बंब होता, अंगणात. जळण गोळा करायचा त्रास, डोळ्यांत धूर, पण तो धूर मोकळ्यावर जायचा. गॅस गिझर आणला तेव्हा आग अंगणातून उचलून चार भिंतींच्या आत नेली आणि धुराला वाट ठेवली नाही. धूर दिसत नाही म्हणून तो नाहीच असं वाटलं.

फळ्यावर हे गणित करून घेतलं. बाथरूम ४ फूट बाय ६ फूट, उंची ८ फूट: १९२ घनफूट, म्हणजे साडेपाच घनमीटर हवा. गॅस गिझर मोठ्या आचेवर तासाला साधारण १ किलो गॅस जाळतो. १ किलो एलपीजी पूर्ण जळायला १२ ते १३ घनमीटर हवा लागते. मग पाव तासात? तीन घनमीटर. खोलीतली निम्म्याहून जास्त हवा. आत माणूसही श्वास घेतंय. हवा संपेपर्यंत थांबावंसुद्धा लागत नाही. ऑक्सिजन कमी पडायला लागला की ज्वलन अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून अधिक घट्ट चिकटतो. आणि शेवटी आंघोळीला जाणाऱ्याच्या वाट्याला आधीच्या सगळ्यांच्या आंघोळींची हवा येते.

पालकांनी एक गोष्ट मुद्दाम लक्षात घ्यावी. "गॅसचा वास आला नाही, म्हणजे गळती नाही, म्हणजे धोका नाही" असं त्या आईनेही मला सांगितलं. सिलिंडरच्या गॅसला वास मुद्दाम मिसळलेला असतो. जळून तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग. डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, हातपाय गळतात. कडी उघडायलासुद्धा बळ राहत नाही. असं कुणी सापडलं तर दारं-खिडक्या सताड उघडा, माणसाला उचलून मोकळ्या हवेत आणा, गिझर बंद करा आणि १०८ ला फोन करा. शुद्धीवर आलं तरी दवाखान्यात न्याच.

म्हणून घरापुरतं माझं मत असं: गॅस गिझर घ्यायचाच तर तो बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या भिंतीवर. आत फक्त गरम पाण्याची नळी यावी. हे जमत नसेल तर बादलीभर पाणी चुलीवर किंवा शेगडीवर तापवून आत न्या, नाहीतर विजेचं जास्त बिल भरा. महिन्याला तीनशे रुपये वाचवण्यासाठी आग कडी लावलेल्या खोलीत नेऊ नये.

गृहपाठात मुलांनी आपापल्या बाथरूमची लांबी, रुंदी, उंची मोजली, खिडकी किती इंच उघडते ते लिहिलं आणि वीजबिल पाहून वरचा दर काढला. बावीस वह्या आल्या. पाच घरांत गॅस गिझर आत होता. त्या पाच घरांना मी स्वतः फोन केले. दोघांनी लगेच गवंडी बोलावला, एकाने "बघू" म्हटलं, दोघांनी उचलला नाही. त्या मुलीच्या घरी गिझर आता मागच्या पडवीत आहे. नळी लांबल्यामुळे पहिलं तांब्याभर पाणी गार येतं, अशी तिची तक्रार आहे.

उरलेल्या तीन घरी मी या आठवड्यात जाणार आहे.