संघटना नुसती वर्गणीपुरती का उरते? बायोमेडिकल इंजिनियर्सच्या सोसायटीकडून शिकण्यासारखं

व्हिडिओ बघितला असेल तर उत्तमच, नसेल तरी हा लेख सुटा वाचता येईल. व्हिडिओत वेळेअभावी जे राहून गेलं ते इथे सविस्तर लिहितोय.

तुमच्या गावात व्यापारी संघटना आहे. तुमच्या धंद्याची वेगळी असोसिएशनही असेल. किराणा, कापड, केमिस्ट, मोबाईल, हार्डवेअर, काहीही. वर्षाची वर्गणी तुम्ही भरता. आता सांगा, गेल्या वर्षभरात त्या वर्गणीतून तुमच्या दुकानाला काय मिळालं? ट्रेनिंगमध्ये हा प्रश्न विचारला की आधी सगळे हसतात. मग उत्तरं येतात: कॅलेंडर, दिवाळीचा स्नेहमेळावा, कुणाचा तरी सत्कार आणि बंद असला की शटर खाली करायचा मेसेज. यादी तिथेच संपते.

म्हणून आज मुद्दाम एका भलत्याच क्षेत्रातली संघटना घेतली आहे. शरीर आणि यंत्र यांच्या मधल्या जागेत काम करणारे जे इंजिनियर असतात, म्हणजे बायोमेडिकल किंवा बायोइंजिनियर, त्यांच्या व्यावसायिक सोसायट्या असतात. (सोसायटी म्हटलं की आपल्याला विकास सोसायटी नाहीतर फ्लॅटची सोसायटी आठवते, ती नव्हे.) माझं स्वतःचं सर्जिकलचं दुकान आहे, बीपी मशीन, नेब्युलायझर, व्हीलचेअर विकतो, त्यामुळे या लोकांच्या कामाशी माझा काउंटरवरून रोज संबंध येतो. पण तुम्ही साड्या विकत असाल तरी वाचा, कारण मुद्दा यंत्राचा नाही, मीटिंगचा आहे.

बफेलोची मासिक मीटिंग

अमेरिकेत रेडिओ इंजिनियर्सची एक मोठी संस्था होती, इन्स्टिट्यूट ऑफ रेडिओ इंजिनियर्स. तिच्यात 1952 मध्ये वैद्यकीय इलेक्ट्रॉनिक्समध्ये रस असणाऱ्यांचा वेगळा गट निघाला. 1963 मध्ये ही संस्था दुसऱ्या एका संस्थेत विलीन होऊन आयईईई झाली आणि तो गट आज 'इंजिनिअरिंग इन मेडिसिन अँड बायोलॉजी सोसायटी' म्हणून ओळखला जातो. जगभर तिचे दहा हजारांहून जास्त सभासद आहेत. आपल्याला मात्र तिचा आजचा थाट नको, तिची न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरातली सुरुवातीची छोटी शाखा हवी आहे.

ही शाखा दर महिन्याला भरायची. 25 ते 75 माणसं यायची. इंजिनियर आणि डॉक्टर निम्मे-निम्मे यावेत असा त्यांचा प्रयत्न असायचा. प्रत्यक्षात इंजिनियरच जास्त जमायचे, डॉक्टर कमी. हे वाचून मला बरं वाटलं. म्हणजे 'लोक येत नाहीत हो' ही तक्रार आपल्याच तालुक्याची नाही.

पण या शाखेची एक पद्धत होती, आणि माझ्या मते सगळा फरक तिथेच आहे. शहरातल्या कुठल्याही डॉक्टरचं एखादं यंत्र अडलं, मोजमापाची काही अडचण आली, तर त्याने फक्त कळवायचं. सोसायटी आपल्या सभासद इंजिनियर्सची टीम त्याच्याकडे पाठवायची. ही कायमची, उघडी ऑफर होती. कुणाच्या ओळखीची गरज नाही, सत्काराची अट नाही.

आता त्याच शहरातला एक माणूस बघा. विल्सन ग्रेटबॅच, विद्यापीठात शिकवणारा इंजिनियर. 1956 मध्ये तो हृदयाचे ठोके नोंदवायचं एक सर्किट बनवत होता. रेझिस्टर लावताना हातात चुकीचा आला, हवा होता त्याच्या शंभरपट मोठा. सर्किट चालू केलं तर ते एक झटका द्यायचं, साधारण सेकंदभर गप्प बसायचं, पुन्हा झटका द्यायचं. हृदयासारखं! त्याच्या लगेच लक्षात आलं की ज्याच्या हृदयाची लय बिघडली आहे त्याला याने ठोका देता येईल. त्या काळी पेसमेकर होते, पण शरीराबाहेरचे, बोजड, बरेचसे भिंतीतल्या विजेवर चालणारे. शरीराच्या आत बसेल असा छोटा पेसमेकर शक्य आहे, असं त्याचं म्हणणं होतं.

कल्पना तयार होती, पण ती रुग्णापर्यंत नेणारा सर्जन मिळत नव्हता. दोन वर्षं गाडी पुढे सरकलीच नाही. तुमच्यापैकी ज्यांनी नवीन प्रॉडक्ट घेऊन दुकानोदुकानी फिरून पाहिलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

1958 मध्ये सोसायटीची अशीच एक टीम बफेलोच्या व्हेटरन्स हॉस्पिटलमध्ये डॉ. विल्यम चार्डॅक या सर्जनकडे गेली. टीममध्ये ग्रेटबॅच होता. चार्डॅकची अडचण पेसमेकरची नव्हतीच. त्याला रक्तातला ऑक्सिजन मोजणाऱ्या ऑक्सिमीटरने हैराण केलं होतं. कोविडमध्ये आपण बोटाला लावायचो त्याचा हा आजोबा. गंमत म्हणजे या टीमला तो ऑक्सिमीटर काही फारसा सुधारता आला नाही. ज्या कामासाठी गेले ते काम झालंच नाही! पण बोलता बोलता ग्रेटबॅचने आपली कल्पना काढली, आणि चार्डॅकने ती उचलून धरली. असं यंत्र झालं तर वर्षाला दहा हजार जीव वाचतील, हा त्याचा अंदाज होता. चार्डॅकचा सहकारी डॉ. अँड्र्यू गेज तर ग्रेटबॅचचा शाळासोबती निघाला. एकाच गावात राहून दोघांची गाठ पडायला सोसायटीची टीम लागली.

तिथून सुमारे तीन आठवड्यांत, 7 मे 1958 रोजी, पहिलं मॉडेल एका कुत्र्याच्या शरीरात बसवलं आणि त्याने ठोके सांभाळले. काही तासच चाललं, कारण वरून नुसती इलेक्ट्रिकची टेप गुंडाळलेली होती आणि शरीरातला ओलावा आत शिरला. मग ग्रेटबॅचने साठवलेले 2,000 डॉलर काढले, घरामागच्या कोठारात वर्कशॉप मांडलं आणि हाताने 50 पेसमेकर बनवले. ट्रान्झिस्टर तपासण्यात पत्नी एलिनॉर हात लावायची. त्यातले 40 प्राण्यांसाठी गेले, 10 माणसांसाठी. 1960 मध्ये रुग्णांना बसवायला सुरुवात झाली. (शरीरात बसवलेला जगातला पहिलाच पेसमेकर मात्र हा नव्हे. स्वीडनमध्ये ऑक्टोबर 1958 मध्ये एक बसवला होता, तो काही तासांतच बंद पडला.)

आता तुम्ही म्हणाल, सर, आमच्या असोसिएशनमधून पेसमेकर थोडाच निघणार आहे? नाही निघणार. पण या गोष्टीत नक्की काय काम करून गेलं ते बघा. ओळख वाढवायचा कार्यक्रम त्यांनी ठेवला नव्हता. व्हिजिटिंग कार्ड वाटायची मीटिंग मला कधीच पटलेली नाही. घरी आल्यावर कार्डांची गड्डी ड्रॉवरमध्ये जाते, बस. इथे चार माणसं दुसऱ्याच्या जागेवर गेली, त्याच्या अडचणीला हात घातला, म्हणून विश्वास बसला. आणि ती माणसं एकाच धंद्यातली नव्हती. दहा केमिस्ट दर महिन्याला भेटले तर मार्जिनची तीच रड दहा वेळा होणार. त्यात एक डॉक्टर, एक फ्रिज दुरुस्त करणारा, एक अकाउंटंट बसवा आणि मग ऐका.

एखाद्या सभासदाला जीएसटीची नोटीस आली, कुणाचं बिलिंग सॉफ्टवेअर सारखं अडतंय, कुणाच्या मुलाने दुकान हातात घेतलंय आणि स्टॉकचा ताळमेळ लागत नाही. अशा वेळी संघटनेची तीन माणसं दोन तास त्याच्या दुकानात जाऊन बसतात का? बसत असतील तर वर्गणी मागायला फिरावं लागणार नाही.

खुर्चीवर कोण बसतं?

मीटिंगचं झालं, आता नेतृत्वाचं. त्यासाठी याच क्षेत्रातली दुसरी संस्था घेऊ, कारण तिचा नियम आपल्या जास्त उपयोगाचा आहे. व्हर्जिनियातल्या आर्लिंग्टन इथे असोसिएशन फॉर द ॲडव्हान्समेंट ऑफ मेडिकल इन्स्ट्रुमेंटेशन आहे, थोडक्यात 'आमी'. 1965 मध्ये स्थापन झाली. ग्रेटबॅचचं नाव इथेही भेटतं, त्यांचा एक मानाचा पुरस्कार सर्जन लॉफमन आणि ग्रेटबॅच या दोघांच्या नावाने आहे. म्हणजे एक डॉक्टर, एक इंजिनियर.

आमीचं मुख्य काम म्हणजे वैद्यकीय यंत्रांची मानकं ठरवणं. यंत्र किती अचूक हवं, ते कसं तपासायचं, हे लिहून काढायचं. ज्या टेबलावर हे ठरतं तिथे यंत्र बनवणाऱ्या कंपन्या असतात, ते वापरणारे डॉक्टर आणि हॉस्पिटलचे टेक्निशियन असतात, सरकारी खात्याची माणसं असतात. एकमेकांचे हितसंबंध उघड उघड आडवे जाणारे. मग भांडण कसं आवरायचं? साधारण पद्धत अशी की कमिटीला दोन सहअध्यक्ष असतात, एक कंपन्यांच्या बाजूचा आणि एक वापरणाऱ्यांच्या बाजूचा. अमेरिकेच्या मानक पद्धतीचा आणखी एक नियम आहे: सुरक्षिततेचा विषय असेल तर मतदानाच्या मंडळात कुठल्याही एका गटाची माणसं एक तृतीयांशापेक्षा जास्त नकोत. कुणी विरोधी मत दिलं तर त्याचा विचार करून, काय ठरलं आणि का, ते त्याला लेखी कळवावं लागतं. शिवाय ठरलेलं मानक दर पाच वर्षांनी पुन्हा तपासायला घ्यायचं.

हे सगळं कंटाळवाणं वाटेल. त्याचं फळ मात्र माझ्या काउंटरवर रोज दिसतं. गिऱ्हाईक विचारतं, "दादा, हे बीपी मशीन बरोबर दाखवतं ना?" आता या 'बरोबर'चा अर्थ कुणीतरी ठरवलेला असायला हवा. तो असा आहे: किमान 85 माणसांवर मशीन तपासायचं, प्रत्येकाची तीन रीडिंग, म्हणजे 255 जोड्या. मशीनच्या आकड्याची तुलना स्टेथोस्कोप लावून मोजणाऱ्या दोन प्रशिक्षित माणसांच्या आकड्याशी करायची. सरासरी फरक 5 पेक्षा जास्त नको आणि फरकांचा विखुरलेपणा, ज्याला स्टँडर्ड डेव्हिएशन म्हणतात, तो 8 पेक्षा जास्त नको.

हा दुसरा आकडा कशाला? समजा एक मशीन निम्म्या लोकांना 15 ने जास्त दाखवतं आणि निम्म्यांना 15 ने कमी. सरासरी फरक किती? शून्य! कागदावर मशीन एकदम झकास, आणि प्रत्यक्षात एकाला नको असलेली गोळी सुरू होणार आणि दुसऱ्याची हवी ती राहून जाणार. (बीबीएला स्टॅटिस्टिक्स शिकलो तेव्हा हा भाग डोक्यावरून गेलेला, मशीन विकायला लागल्यावर कळला. तुमच्या महिन्याच्या सरासरी विक्रीलाही हेच लागू आहे, त्यावर वेगळा व्हिडिओ करू.) जाता जाता, मशीन विकणाऱ्यांनी काउंटरवर शिंप्याची टेप ठेवा. दंडाचा घेर मोजून कफ द्या. लहान कफ जाड दंडाला बांधला की उत्तम मशीनही बीपी वाढीव दाखवतं.

आणि एक. हा नियम पूर्वी एकच नव्हता. अमेरिकेत आमीचा वेगळा, युरोपातल्या हायपरटेन्शन सोसायटीचा वेगळा. त्यांच्या 2010 च्या पद्धतीत 33 माणसं पुरायची. 2018 मध्ये आमी, ती युरोपियन सोसायटी आणि आंतरराष्ट्रीय मानक संस्था आयएसओ यांनी मिळून एकच पद्धत मान्य केली. प्रत्येकाला आपल्या काहीतरी गोष्टीवर पाणी सोडावं लागलं असणार. आपल्याकडे एका पेठेत दोन व्यापारी संघटना असतात आणि दोघांचे साप्ताहिक सुट्टीचे वार वेगळे असतात, त्यांना हे वाचून दाखवावं असं मला नेहमी वाटतं.

अध्यक्ष बदलण्याचंही बघा. मघाच्या आयईईईच्या सोसायटीत अध्यक्ष होणारा माणूस आधीच निवडला जातो. तो 'नियोजित अध्यक्ष' म्हणून सोबत काम शिकतो, मग अध्यक्ष होतो, आणि पायउतार झाल्यावर 'माजी अध्यक्ष' म्हणून पुन्हा मंडळावर असतो. म्हणजे कुठल्याही वेळी कालचा, आजचा आणि उद्याचा असे तिघं एका टेबलावर. आपल्याकडे एकच भाऊ पंधरा वर्षं अध्यक्ष असतात. ते थकले की बँकेचं पासबुक कुठे आहे, हॉलचा करार कुणाच्या नावावर आहे, कुणालाच माहीत नसतं. भाऊ वाईट असतात असं नाही. बहुतेक वेळा तेच एकटे मरमर काम करत असतात. त्यांच्या मागे कुणी तयार केलेलं नसतं.

तेव्हा या महिन्यासाठी काम. तुम्ही पदाधिकारी असाल तर पुढच्या मीटिंगच्या अजेंड्यावर पहिला विषय लिहा: 'कुणाच्या दुकानात काय अडलंय?' अर्धा तास द्या, एकच अडचण निवडा, तीन माणसं ठरवा, तारीख ठरवा. त्या तिघांत एक तरी आपल्या धंद्याबाहेरचा असू द्या. नुसते सभासद असाल तर अध्यक्षांना फोन करून विचारा, "भाऊ, तुमच्यानंतर कोण?" आवाज मात्र नरम ठेवा, निवडणूक लागल्यासारखं वाटायला नको. भाऊ काय म्हणाले ते मला कळवा, पुढच्या व्हिडिओत संघटनेचे हिशेब घेणार आहोत.