शेततळ्यांतील माशांच्या उवा व नांगरकिडा : ओळख आणि उपाय

महाराष्ट्र सरकारची ‘मागेल त्याला शेततळें’ ही योजना सन २०१६ सालीं निघाल्यापासून कोरडवाहू भागांतील पुष्कळ शेतांत तळीं दिसूं लागलीं. तळें झालें, कीं पिकास पाणी मिळतेंच. शिवाय त्यांत रोहू, कटला व मृगळ यांचें बीज सोडून थोडें जोडउत्पन्न काढावें, हा विचार मनांत येणें साहजिक आहे. परंतु कपाशीवरील मावा जसा बांधावरून जातांना दिसतो, तशी पाण्याखालील कीड दिसत नाहीं. ती दिसूं लागते, तेव्हां बहुधा निम्में नुकसान होऊन गेलेलें असतें.

प्रस्तुत लेखकाची सारी नोकरी महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत गेली. मत्स्यशास्त्राचें शिक्षण त्यास नाहीं. तथापि स्वतःच्या तळ्यांतील एक हंगाम गमावून जें शिकावें लागलें, तें शेतकरी बंधूंच्या उपयोगीं पडावें, म्हणून हा लेख लिहिला आहे. त्यांतील मुख्य गोष्ट आरंभींच सांगून ठेवितों : औषधानें मरते ती डोळ्यांना दिसणारी कीड, तिचीं अंडीं मरत नाहींत. म्हणून ही कीड बाटलीनें जात नाहीं, तारखेच्या हिशेबानें जाते.

ओळख

प्रथम रोग कोणता हें ठरविलें पाहिजे. पहांटे तळ्यांतील झाडून सारे मासे वर येऊन तोंडें उघडमीट करीत असतील, आणि ऊन चढल्यावर खालीं जात असतील, तर तो किडीचा उपद्रव नव्हे. पाण्यांतील प्राणवायु कमी पडल्याचें तें लक्षण आहे. उवा झालेले मासे दिवसाही अस्वस्थ असतात. ते तळ्याच्या कडेस व दगडास अंग घासतात, मधूनच उसळी मारतात, पेंड व कोंडा टाकला तरी पूर्वीसारखे धांवून येत नाहींत. पुढें अंगावर लाल ठिपके पडतात, खवले गळतात, व त्या जखमांतून बुरशी आणि इतर रोग शिरतात.

असा संशय येतांच पाग टाकून तळ्याच्या निरनिराळ्या बाजूंचे दहा मासे काढावे. हात ओले करून मासा धरावा, म्हणजे अंगावरील बुळबुळीत थर निघत नाहीं. पांढऱ्या टबांत तळ्याचेंच पाणी घेऊन त्यांत मासा ठेवावा. पराच्या मुळाशीं, पोटाखालीं, शेपटीजवळ व कल्ल्यांच्या झांकणाआड भिंग लावून पाहावें, आणि प्रत्येक माशावर किती किडी आहेत तें वहींत टिपून ठेवावें. हा आंकडा पुढें फार उपयोगीं पडतो.

ऊ, जिला शास्त्रांत अर्ग्युलस म्हणतात, ती साधारण ज्वारीच्या दाण्याएवढी, चपटी, गोल व पारदर्शक हिरवट असते. माशाच्या रंगांत ती इतकी मिसळून जाते, कीं हालल्यावांचून ओळखूं येत नाहीं. तिला चिकटण्यासाठीं पोटाच्या बाजूस दोन वाटोळ्या चोखण्या असतात, व सुईसारख्या अवयवानें ती माशाचें अंग टोंचते. टबांत ती मासा सोडून पोहूं लागते. हीच तिची पक्की खूण होय.

नांगरकिड्याचें, म्हणजे लर्नियाचें, रूप अगदीं वेगळें. माशाच्या अंगांतून एक-दोन सेंटिमीटर लांबीचा बारीक दोरा लोंबत असावा, तसा तो दिसतो. दोऱ्याच्या टोंकास अंड्यांच्या दोन पिशव्या असतात, आणि डोकें मांसांत रुतलेलें असून त्यास जहाजाच्या नांगरासारखीं शिंगें असतात. रुतलेली असते ती मादीच. नर समागमानंतर मरून जातो. कटला माशास याचा उपद्रव विशेष होतो. चिमट्यानें ओढल्यास दोरा तुटतो व डोकें आंतच राहतें. कापसासारखे पांढरे पुंजके दिसल्यास मात्र तो नांगरकिडा नसून बुरशी समजावी.

किडीचा जीवनक्रम

उवेची मादी अंडीं घालण्यापुरती मासा सोडून जाते. दगड, लांकूड, बुडालेल्या फांद्या, प्लास्टिकच्या अस्तराची बाजू, असा कोणताही टणक पृष्ठभाग पाहून ती ओळीनें अंडीं चिकटविते. पाणी उबदार असल्यास सुमारें दोन-तीन आठवड्यांत तीं फुटतात. थंडींत याहून बराच अधिक काळ लागतो. बाहेर पडलेल्या पिलास थोड्याच दिवसांत मासा सांपडला नाहीं, तर तें मरतें. सांपडला, तर कांहीं आठवड्यांत तें स्वतः अंडीं घालूं लागतें.

नांगरकिड्याचीं अंडीं मात्र एक ते तीन दिवसांत फुटतात. त्याचीं पिलें अनेक अवस्थांतून जातात, आणि गरम पाण्यांत साधारण तीन आठवड्यांत नवी मादी माशाच्या अंगांत रुतते.

प्रस्तुत लेखकाची चूक येथेंच झाली. फाल्गुनांत उवा दिसल्या, तेव्हां दुकानांतून औषध आणून एकदां तळ्यांत टाकलें. चार दिवसांनीं जाळें ओढलें, तों एकही ऊ दिसेना. काम झालें असें समजून निश्चिंत राहिलों. चौथ्या आठवड्यांत पाहतों, तर पूर्वीपेक्षां अधिक उवा! बांबूंवर व अस्तरावर राहिलेलीं अंडीं तोंवर फुटलीं होतीं. जन्मभर ज्यानें थकबाकीचे तक्ते लिहिले, त्यानेंच चालू वसुली पाहून मागील बाकी नाहींशी झाली असें समजावें, याची पुढें फार लाज वाटली. त्या वर्षीं जे मासे हातीं आले, ते अपेक्षित वजनाच्या निम्मेही भरले नाहींत.

उपाय

पहिला उपाय अंड्यांचा. बांबूचे तुकडे किंवा जुन्या फळ्या यांचे दोन संच करावे. एक संच दोरीनें बांधून तळ्यांत ठिकठिकाणीं उभा सोडावा. माद्या त्यावर अंडीं घालतात. दर सहा-सात दिवसांनीं तो बाहेर काढून खरवडावा, दोन दिवस कडक उन्हांत वाळवावा, आणि त्याच्या जागीं दुसरा संच सोडावा. सुकलेलें अंडें फुटत नाहीं. या उपायास विशेष खर्च नाहीं. मात्र ठरलेला वार चुकतां कामा नये, कारण अंडीं फुटेपर्यंत बांबू पाण्यांत राहिल्यास आपणच उवांची पैदास केल्यासारखें होईल. तळ्यांतील इतर फांद्या व काटक्या काढून टाकाव्या, म्हणजे माद्यांना या संचावांचून फारशी जागा राहत नाहीं.

दुसरा उपाय मिठाचा. थोडे मासे किंवा नवीन बोटुकली असेल, तेव्हां १० लिटर पाण्यांत ३०० ग्रॅम जाडें मीठ विरघळवून त्यांत मासे दोन-तीन मिनिटें ठेवावे. मासा कलंडूं लागल्यास वेळेची वाट न पाहतां लगेच काढून घ्यावा. मिठानें उवा सुटतात, पण सर्वच मरतात असें नाहीं. म्हणून तें पाणी तळ्यांत न ओततां दूर कोरड्या जमिनीवर टाकावें. मांसांत रुतलेल्या नांगरकिड्यावर हा उपाय फारसा चालत नाहीं.

तिसरा उपाय तळ्यांत टाकावयाच्या औषधाचा. सायपरमेथ्रिन व डेल्टामेथ्रिन या वर्गांतील औषधें उवांवर गुणकारी आहेत. परंतु तींच माशांनाही अत्यंत विषारी आहेत. ऊ मरणें व मासा मरणें यांत अंतर केवळ मात्रेचें. म्हणून पिकावर फवारण्याची बाटली अंदाजानें तळ्यांत ओतूं नये. औषध, मात्रा, आणि त्यानंतर किती दिवस मासे विकूं वा खाऊं नयेत, हें मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यास विचारून ठरवावें. ज्या तळ्यांत कोळंबी आहे, तेथें हीं औषधें वापरूंच नयेत.

त्या अधिकाऱ्यास तळ्यांत पाणी किती हें आपणांस बिनचूक सांगतां आलें पाहिजे. तळ्याच्या बाजू उतरत्या असतात, हें बहुतेक विसरतात. समजा, पाण्याचा वरचा पृष्ठभाग २४ मीटर लांब व तितकाच रुंद, तळ १५ मीटर लांब व रुंद, आणि खोली ३ मीटर आहे. वरचें क्षेत्र ५७६, तळाचें २२५, आणि मधल्या उंचीवर बाजू साडेएकोणीस मीटर असल्यानें तेथील क्षेत्र सुमारें ३८० चौरस मीटर. मधल्या क्षेत्राची चौपट करून तींत वरचें व तळाचें मिळवावें, सहानें भागावें, आणि खोलीनें गुणावें. उत्तर सुमारें ११६० घनमीटर, म्हणजे अकरा लाख साठ हजार लिटर येतें. जो केवळ वरचें माप खोलीनें गुणील, त्यास १७२८ घनमीटर दिसतील, व तो जवळजवळ दीडपट विष तळ्यांत टाकील.

औषध दिल्यावर काम संपत नाहीं. उवांसाठीं दर आठवड्यास दहा मासे तपासावे, आणि अंडीं फुटण्याच्या सुमारास, म्हणजे दोन-तीन आठवड्यांनीं, दुसरी मात्रा द्यावी लागेल काय तें विचारावें. नांगरकिड्याच्या बाबतींत औषधानें मरतात तीं पाण्यांतील पिलें. रुतलेली मादी जिवंत राहून अंडीं सोडीतच असते. म्हणून तेथें उपाय आठवड्या-आठवड्यानें निदान महिनाभर चालवावा लागतो.

प्रतिबंध

ही कीड बहुधा बीजाबरोबर किंवा दुसऱ्याच्या ओल्या जाळ्याबरोबर येते. बीज विकत घेतांना त्याचें पाणी तळ्यांत ओतूं नये. नवें बीज निदान तीन आठवडे वेगळ्या टाकींत ठेवून, दोनदां तपासून मगच सोडावें. उसनें आणलेलें जाळें उन्हांत खडखडीत वाळविल्याशिवाय पाण्यांत घालूं नये. मासळी काढून झाल्यावर मातीचें तळें भेगा पडेपर्यंत सुकवून चुना पसरावा. प्लास्टिकचें अस्तर फार दिवस उघडें राहिल्यास उन्हानें खराब होतें. म्हणून तें खराट्यानें घासून, चार-सहा दिवस वाळवून पुन्हां पाणी भरावें.

वरील सर्व कामांत खर्च थोडा व नियमितपणा फार लागतो. तळ्याच्या नांवाची एक वही करावी. तींत तपासणीची तारीख, दहा माशांवरील किडींची संख्या, बांबू बदलल्याचा वार व औषधाची मात्रा मांडावी. ओळीनें सहा आठवडे किडीच्या रकान्यांत शून्य आलें, म्हणजेच ती कीड गेली असें समजावें, त्यापूर्वीं नव्हे.