गॅलरीतून सभागृहात

(एक तरुण कार्यकर्ता आपल्या तालुक्याचे प्रश्न घेऊन विधानसभेत गेला. त्याला शिक्षा झाली. पुढे त्याच विधानसभेत तो विरोधी पक्षनेता झाला. अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील बबनराव ढाकणे यांची ही हकीकत आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही नकाशात पाथर्डी तालुका शोधा. तो जिल्ह्याच्या पूर्वेला, बीड जिल्ह्याच्या सीमेवर आहे. हा भाग डोंगराळ आहे आणि येथे पाऊस कमी पडतो. शेतीवर पोट भरत नाही, म्हणून अनेक कुटुंबे दरवर्षी कोयता घेऊन साखर कारखान्यांच्या भागात ऊस तोडायला जातात. आईबाप निघाले की मुलेही निघतात. मग त्यांची शाळा मध्येच सुटते.

याच तालुक्यात १९३७ साली बबनरावांचा जन्म झाला. तालुक्याची गरिबी त्यांनी जवळून पाहिली होती. इथले प्रश्न सरकारने ऐकावेत, अशी त्यांची तळमळ होती.

१९६८ साली ते विधानसभेच्या प्रेक्षक गॅलरीत जाऊन बसले. खाली सभागृहात आमदार बसतात. वर गॅलरीत सामान्य लोक बसतात. त्यांनी फक्त पाहायचे आणि ऐकायचे असते, बोलायचे नसते, असा नियम आहे. बबनरावांनी तालुक्याच्या प्रश्नांची पत्रके गॅलरीतून खाली सभागृहात फेकली!

त्या वेळी विधानसभेचे अध्यक्ष होते बाळासाहेब भारदे. ते शेवगावचे, म्हणजे पाथर्डीच्या शेजारच्याच तालुक्याचे. पण शेजारी म्हणून नियम बदलत नाही. सभागृहाचा अवमान झाला होता. त्याची शिक्षा म्हणून बबनरावांना तुरुंगात जावे लागले.

त्यांचे वागणे बरोबर होते का? नियम मोडला, हे खरे. तालुक्याचे प्रश्न खोटे नव्हते, हेही तितकेच खरे. तुम्ही दोन्ही बाजूंनी विचार करून पाहा.

तुरुंगातून सुटल्यावर बबनराव गप्प बसले नाहीत. ते लोकांमध्ये काम करत राहिले. ऊसतोड कामगारांचे नेते म्हणून लोक त्यांना ओळखू लागले. १९७८ साली पाथर्डीच्या मतदारांनी त्यांना आमदार म्हणून निवडून दिले. आता त्यांची जागा वर गॅलरीत नव्हती, खाली सभागृहात होती.

या दोन जागांत किती फरक आहे, पाहा. आमदाराला पत्रक फेकावे लागत नाही. तो आधी लेखी सूचना देऊन प्रश्न विचारतो. तारांकित प्रश्नाला मंत्र्याला सभागृहात उभे राहून तोंडी उत्तर द्यावे लागते. तातडीच्या विषयावर आमदार लक्षवेधी सूचना मांडतो. सभागृहात केलेल्या भाषणाबद्दल त्याच्यावर कोर्टात खटला भरता येत नाही. हे संरक्षण त्याला आपल्या राज्यघटनेने दिले आहे. लोकांचे दुःख त्याने न भिता सांगावे, हा त्यामागचा हेतू आहे.

१९८१ साली बबनराव विधानसभेत विरोधी पक्षनेते झाले. विरोधी पक्षनेत्याला मंत्र्याचा दर्जा असतो. सरकारच्या कामावर नजर ठेवणे आणि चुका दाखवणे हे त्याचे काम असते. ज्या विधानसभेने त्यांना एकदा शिक्षा केली, तीच विधानसभा आता त्यांचे म्हणणे ऐकत होती. पुढे १९८९ साली ते बीडमधून लोकसभेवर निवडून गेले आणि केंद्रात राज्यमंत्रीही झाले. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले.

मित्रांनो, गॅलरीतल्या माणसाला खालच्या बाकावर कोणी बसवले? मतदारांनी. अठरा वर्षे पूर्ण झाली की तुम्हीही मतदार व्हाल. त्या दिवसाची वाट पाहत बसू नका. तुमच्या गल्लीत नळाला पाणी येत नसेल, शाळेचा रस्ता खराब असेल, तर आजही साध्या मराठीत एक अर्ज लिहिता येतो. अर्ज, कायदा, तालुका, जिल्हा, हे शब्द तर तुमच्या उर्दूतही आहेत. मग लिहायला कशाला घाबरायचे?

शब्दार्थ
तळमळ – मनाला लागलेली ओढ
पत्रक – माहिती छापलेला कागद
अवमान – अपमान, मान न राखणे
तातडीचा – लगेच लक्ष द्यावे लागेल असा
दर्जा – पायरी, मान

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) पाथर्डीतील अनेक मुलांची शाळा मध्येच का सुटते?
(आ) १९६८ साली विधानसभेचे अध्यक्ष कोण होते?
(इ) विरोधी पक्षनेत्याचे काम कोणते?
२. गॅलरीतील प्रेक्षक आणि सभागृहातील आमदार यांच्यातील दोन फरक लिहा.
३. मराठीत आणि उर्दूत दोन्हीकडे वापरले जाणारे पाच शब्द या पाठातून शोधा.
४. तुमच्या भागातील एका अडचणीविषयी तुमच्या आमदारांना पाच-सहा ओळींचा अर्ज लिहा.