नाव नंतर, कागद पहिले

पोरी, मंगळवारी दुपारी पावणेदोनला तुझ्या वेबसाइटवर एक चौकशी आली असेल. भिलवाड्याचा कोणी कारखानदार, एलपीजीची टाकी बसवायची आहे, परवान्याचं काय ते सांगा म्हणतो. तो भिलवाड्याचा नव्हता. धरमपेठेतल्या घरी झोपाळ्यावर बसून, चष्मा वर ढकलत, एका बोटानं तो फॉर्म मी भरला. आज शुक्रवार आहे.

रागावू नकोस. गेल्या आठवड्यात तूच म्हणालीस, काका, साइटवर लोक येऊन राहिले, पण फोन काही वाजून नाही राहिला. म्हणून म्हटलं, आपणच गिऱ्हाईक होऊन पाहावं. तुम्ही ज्याला कन्व्हर्जन म्हणता, म्हणजे शंभर आले त्यातले किती बोलले, तो हिशोब आम्हीही करायचो. फक्त आमच्याकडे दार होतं. आत आलेला माणूस खुर्ची ओढून बसतो, की पंख्याखाली घाम पुसून 'जरा येतो' म्हणत निघून जातो, हे डोळ्यांदेखत कळायचं. तुझ्या दारातून जाणारा तुला दिसत नाही, एवढाच फरक.

आपल्या धंद्याची एक गंमत आधी ध्यानात घे. पुण्या-मुंबईचा सल्लागार आसपासच्या कंपन्यांवर जगतो. आपलं गिऱ्हाईक नागपुरात राहतच नाही. पेसोचं, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेचे परवाने देणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेचं, मुख्य कार्यालय इथं आहे. पेट्रोल पंप, गॅसच्या टाक्या, फटाक्यांचे कारखाने, खाणीतली स्फोटकं, साऱ्या देशाचा कारभार या गावातून चालतो. इंडियन ब्यूरो ऑफ माइन्सचं मुख्यालयही इथंच. म्हणून ओडिशातला खाणवाला आणि गुजरातमधला रसायनवाला मोबाइलवर 'नागपूर' हा शब्द टाकून माणूस शोधतो. त्यानं तुला पाहिलेलं नाही, तुझं ऑफिस पाहिलेलं नाही, आणि बहुतेक वेळा तो घाबरलेला असतो.

१९८० च्या दशकात हीच माणसं रेल्वेनं यायची. हावडा-मुंबई आणि दिल्ली-चेन्नई या दोन्ही वाटा इथं एकमेकींना छेदतात, त्यामुळे कुठूनही निघा, नागपूर एका रात्रीच्या झोपेवर. सकाळी सरकारी ऑफिसबाहेरच्या टपरीवर एखादा परगावचा माणूस बगलेत फाइल दाबून बशीतला चहा फुंकताना दिसायचा. नवा असताना मी त्याच्याजवळ जाऊन स्वतःबद्दल सांगायचो. शिक्षण अमुक, अनुभव तमुक, या या कंपन्यांची कामं केली. तो मान हलवायचा आणि पैसे देऊन निघून जायचा. एकदा मी काही न बोलता नुसता हात पुढे केला आणि म्हटलं, 'दाखवा, काय लिहिलंय त्यांनी.' त्यानं फाइलमधलं पत्र काढून हातात ठेवलं. पत्रात चार त्रुटी होत्या. मी म्हटलं, पहिली दोन नकाशातल्या अंतराची आहेत, आज दुरुस्त होतील, तिसरीला कॉम्पिटंट पर्सनचं सर्टिफिकेट लागेल, चौथी ते उगाच विचारतात. तो माणूस पुढची बावीस वर्षं माझ्याकडे होता. त्याचं नाव मी दुसऱ्या चहाला विचारलं.

आता तुझं होमपेज पाह्य. वर मोठ्या अक्षरांत 'सर्वसमावेशक सुरक्षा व अनुपालन उपाययोजना'. खाली सूट घातलेले दोन गोरे हात मिळवून राहिले. मग तुमची दूरदृष्टी, मग तुमचं ध्येय, मग 'आमच्याविषयी'. चौथ्यांदा बोट सरकवलं तेव्हा 'संपर्क करा' दिसलं. हे सारं मी टपरीवर पहिल्या वर्षी बोलायचो तेच आहे, फक्त इंग्रजीत आणि निळ्या रंगात.

तिथं पहिल्या पडद्यावर, बोट न सरकवता दिसेल असा, एकच प्रश्न ठेव: तुमच्या हातात कोणता कागद आहे? खाली चार बटणं. पेसोचं त्रुटीचं पत्र आलंय. परवान्याची मुदत संपत आलीय. नवीन टाकी किंवा पंप टाकायचाय. कारवाईची नोटीस आलीय. ज्याच्या हातात जे असेल त्यावर तो बोट ठेवेल, आणि पुढच्या पानावर त्याला त्याचीच गोष्ट वाचायला मिळेल: या पत्राचा अर्थ काय, कागद कोणते लागतात, साधारण टप्पे कोणते, कुठं अडतं. माहिती फुकट दिली तर तो स्वतःच करून घेईल, असं तुला वाटतं ना? दहातला एखादा करेलही. उरलेल्या नऊ जणांना ते वाचूनच कळेल की हे आपल्याकडून होणारं नव्हे.

त्या पानांच्या शेवटी 'सबमिट' नको. 'पत्राचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, आज संध्याकाळपर्यंत वाचून सांगतो' असं लिही. व्हॉट्सअ‍ॅपची अशी लिंक करता येते की बोट लावलं की थेट तुझ्याशी गप्पांची खिडकी उघडते, आणि 'मला त्रुटीचं पत्र आलंय' हे वाक्यसुद्धा आधीच टाइप करून ठेवता येतं. माणसाला फक्त कागद जोडायचा राहतो. फोटो पाठवायला लोक बिचकतात, म्हणून बटणाखाली एका ओळीत सांग की कागद फक्त उत्तर देण्यापुरता वापरू आणि मागाल तेव्हा पुसून टाकू. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा मुख्यतः संमतीवर उभा आहे. आणि लिहिलंस तर खरंच पुसत जा.

फॉर्मबद्दल जरा जास्त बोलतो, कारण मला तो भरताना घाम फुटला. अकरा रकाने! पदनाम, कंपनीची उलाढाल, जीएसटी क्रमांक, अंदाजे बजेट, 'आमच्याबद्दल कुठून कळलं'. जावयाची चौकशीही आम्ही एवढी केली नव्हती. वर पुन्हा त्या चित्रांतले सिग्नल ओळखा. एक्स्पीडिया ही प्रवासाची बुकिंगं करणारी अमेरिकन कंपनी. तिच्या पैसे भरायच्या पानावर 'कंपनी' असा एक रकाना होता, सक्तीचाही नव्हता. लोक गोंधळून त्यात आपल्या बँकेचं नाव लिहीत, मग पत्त्यात बँकेचाच पत्ता टाकत, आणि कार्ड नाकारलं जाई. तो एक रकाना काढल्यावर वर्षाचा नफा १ कोटी २० लाख डॉलरनं वाढला, असं कंपनीच्याच अधिकाऱ्यानं सांगितलेलं आहे. तुझे अकरा आहेत.

मात्र सगळेच काढून टाक असं मी म्हणत नाही. दुकानदाराला कोणीही आलं तरी चालतं, सल्लागाराला नाही. नुसता फोन नंबर मागितलास तर नोकरी मागणारे, प्रोजेक्ट करणारे विद्यार्थी आणि 'साइट पहिल्या पानावर आणून देतो' म्हणणारे, एवढेच येतील. फोन, गाव, कागद कोणता, आणि त्यावरची तारीख, बस. तारखेवरून घाई कळते. नोटिशीला उत्तर द्यायला चार दिवस उरलेत त्याला पहिले फोन, ज्याला पुढच्या वर्षी शेड बांधायचंय त्याला निवांत.

तारखेवरून आठवलं. आपल्या धंद्याला ऋतू आहेत आणि तुझ्या साइटला त्यांचा पत्ताच नाही. पेट्रोलियमचे परवाने ३१ डिसेंबरला संपतात, प्रेशर व्हेसलचे, म्हणजे गॅसच्या टाक्यांचे, ३० सप्टेंबरला, स्फोटकांचे ३१ मार्चला. पोळा-मारबत झाली की टाकीवाल्यांची धांदल सुरू होते, दिवाळी उरकली की पंपवाल्यांची, संक्रांतीनंतर मॅगझिनवाल्यांची, म्हणजे स्फोटकांची कोठारं असणाऱ्यांची. त्या त्या महिन्यांत त्या त्या कागदाचं बटण सगळ्यात वर यायला हवं. संत्र्याचा मृग बहार आणि आंबिया बहार ज्याला कळतो, त्याला हे वेगळं सांगावं लागत नाही.

साइट उघडायला किती वेळ लागतो ते ऑफिसच्या वायफायवर पाहू नको. बुटीबोरीतल्या एखाद्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहून स्वस्तातल्या मोबाइलवर पाह्य. गूगलचं पेजस्पीड इनसाइट्स फुकट आहे. पानातला मुख्य मजकूर अडीच सेकंदांच्या आत दिसावा, असं त्यांचंच माप आहे. तुझ्या त्या हात मिळवणाऱ्यांनीच बराच वेळ खाल्ला असणार. त्यांना काढ. त्यांच्या जागी आपण टाकीत पाणी भरून दाबाची हायड्रो टेस्ट घेतो तेव्हाचा फोटो लाव, पंप, प्रेशर गेज, पाण्यानं भिजलेली जमीन, हेल्मेट घातलेली तू. ज्यानं टाकी पाहिली आहे तो तो फोटो पाहूनच ओळखतो की ही बाई साइटवर जाते.

केलेल्या कामांबद्दल लिहिताना कंपन्यांच्या लोगोंची माळ लावू नको, त्यातल्या निम्म्यांची परवानगी घेतलेली नसते. त्याऐवजी नावं न घेता कामं सांग. कोणत्या जिल्ह्यातला कोणता उद्योग, कोणती त्रुटी आली, ती कशी निस्तरली, किती महिने लागले. उशीर झाला असेल तर तोही लिही. उशिराची एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितलेली दहा स्तुतिपत्रांपेक्षा जड असते, कारण ती खोटी लिहायला कोणी बसत नाही. फीचंही तसंच. नक्की आकडा नको, पण 'अमुक प्रकारचं काम साधारण इतक्यापासून इतक्यापर्यंत, सरकारी शुल्क वेगळं' असं लिहिलंस तर चौकश्या घटतील. घटू दे. ज्यांना ते जड जातं ते तसेही तिसऱ्या फोनला गळणारच होते.

आणि एक गोष्ट कधीही लिहायची नाही. '१०० टक्के परवान्याची हमी' किंवा 'कार्यालयात थेट संपर्क'. असल्या ओळींनी चौकश्या वाढतात, मी नाकारत नाही. पण त्या ओळी वाचून जो येतो, तो सुरक्षिततेसाठी येत नाही. तो टाकीपासून भिंतीचं अंतर कागदावर वाढवून मागायला येतो. असं एक गिऱ्हाईक माझ्या वाट्याला आलं होतं. मी काम सोडलं आणि घेतलेला आगाऊ पैसा परत केला. त्या वर्षी तुझ्या काकूला ते फार जड गेलं.

(तुझ्या नवऱ्यानं हे वाचून आपल्या फर्मच्या साइटवर करायला जाऊ नये. सीए लोकांना १९४९ च्या कायद्यानं जाहिरातबाजीवर लगाम आहे, वकिलांनाही बार कौन्सिलचा आहे. त्यानं आधी आपल्या इन्स्टिट्यूटचे ताजे नियम वाचावेत. आपल्याला ते बंधन नाही, म्हणून जबाबदारी नाही असंही नाही.)

तू म्हणालीस की एजन्सीवाला ए-बी टेस्टिंग करू म्हणतो, अर्ध्यांना हिरवं बटण आणि अर्ध्यांना केशरी. त्याला विचार, आपल्याकडे माणसं किती? समज महिन्याला चारशे आले आणि त्यातले चार बोलले. पुढच्या महिन्यात सहा बोलले, तर ते बटणामुळे की पाऊस उघडल्यामुळे, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. असले प्रयोग हजारोंच्या गर्दीत शोभतात. फुकटात ते करून देणारं गूगल ऑप्टिमाइझसुद्धा सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झालं. त्यापेक्षा एक वही घाल, कागदाची. प्रत्येक चौकशीची एक ओळ: तारीख, गाव, कागद कोणता, पहिलं वाक्य काय बोलला, पुढं काय झालं. पहिलं वाक्य त्याच्याच शब्दांत लिही. 'मॅडम, क्वेरी लग गई है' असं तीन जण म्हणाले, तर तुझ्या पानाचं शीर्षक तेच. लोक 'अनुपालन' शोधत नाहीत. आणि हो, हिंदी लागेलच. रस्त्यावर भाजीवाल्याशीही आपण नकळत हिंदीत सुरू होतो, मग राजस्थानच्या माणसासाठी इंग्रजी कुरवाळत काय बसायचं.

उरला उत्तराचा विषय. हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये २०११ साली एक अभ्यास आला होता. २,२४१ अमेरिकन कंपन्यांकडे वेबसाइटवरून चौकशी पाठवून पाहिली, तर २३ टक्क्यांनी उत्तरच दिलं नाही. ज्या कंपन्या तासाभरात माणसाशी बोलायचा प्रयत्न करतात, त्यांना कामाचं बोलणं होण्याची शक्यता त्यानंतर तासभर उशीर करणाऱ्यांपेक्षा जवळजवळ सातपट असते, असंही त्या लेखात होतं. तुझ्या ऑफिसात दीड ते अडीच जेवणाची सुटी असते आणि फोन उचलून बाजूला ठेवतात, हे मला माहीत आहे. कारखान्याच्या मालकाला फोन करायला नेमका तोच वेळ मिळतो. पोरं आळीपाळीनं जेवू देत.

पण माझ्या चौकशीला तू मुद्दाम उत्तर दिलं नसशील, असं मला वाटत नाही. ती तुझ्यापर्यंत आलीच नसेल. फॉर्मचा मेल साइटचा सर्व्हर तुझ्या नावानं पाठवतो, आणि तसं पाठवायची मुभा डोमेनच्या नोंदीत लिहिलेली नसली, तर मेलवाला त्याला तोतया समजतो. ही नोंद एजन्सीवाल्याला दहा मिनिटांत घालता येते, एसपीएफ आणि डीकेआयएम म्हण, त्याला कळेल. त्याआधी आज रात्री स्पॅमचा फोल्डर उघड. भिलवाडा तिथं सापडलं तर त्याच्या वर-खाली पाह्य, महिनाभराच्या खऱ्या चौकश्याही तिथंच पडलेल्या असतील. तारखा पाहून उद्या सकाळी त्यांना फोन लाव. भिलवाड्याला लावू नको, मी सकाळी अंबाझरीला फिरायला जातो.