दोष केसांचा कीं फणीचा ?



डोक्यावरील केस हा विषय शाळेच्या वार्षिकांत कशाला, असें तुमच्यापैकीं कित्येकांस वाटेल. इतिहास, भूगोल, सृष्टिज्ञान हे शाळेचे विषय. वेणीफणी ही घरची बाब, अशी आपली समजूत असते. परंतु ज्या विषयानें एका विद्यार्थिनीस खालीं मान घालावयास लाविलें व एका शिक्षिकेस आपली चूक दाखविली, तो शाळेबाहेरचा कसा म्हणावा ? ती शिक्षिका मीच होय. म्हणून प्रथम ती हकीकत सांगतें आणि मग विषयाकडे वळतें.

कांहीं वर्षांपूर्वीं मुलींच्या एका वसतिगृहाची देखरेख मजकडे होती. शनिवारीं न्हाणें झालें कीं सर्व मुलींनीं डोक्यास तेल लावून, सरळ भांग काढून, दोन घट्ट वेण्या घालाव्या, असा तेथील नियम असे. त्या वर्षीं उत्तर कन्नड जिल्ह्यांतील हळियाळकडच्या एका सिद्दी कुटुंबांतील मुलगी आमच्याकडे राहावयास आली. सिद्दी लोकांचे पूर्वज आफ्रिकेंतून, कांहीं गुलाम म्हणून तर कांहीं शिपाई व खलाशी म्हणून, आपल्या किनाऱ्यास आले. जंजिऱ्याच्या सिद्दींची माहिती तुम्हीं इतिहासांत वाचलीच आहे. त्या मुलीचे केस अतिशय दाट असून बारीक बारीक आट्यांनीं वळलेले होते. माझ्या फणीचे दोन दांत त्यांत मोडले. मी रागावून म्हटलें, "काय गं हे तुझे केस ! किती हट्टी !" आणि नीटनेटकेपणाच्या नांवाखालीं मीं ते अगदीं आंखूड कापविले. मुलगी एक शब्दही बोलली नाहीं. पुढें कित्येक आठवडे ती डोक्यास ओढणी गुंडाळून वर्गांत बसे.

दिवाळीच्या सुट्टीनंतर तिची आजी तिला पोंचवावयास आली. व्हरांड्यांत बसून म्हातारीनें नातीचे थोडेसे वाढलेले केस पाण्यानें ओले केले, खोबरेल तेल चोळलें, बोटांनींच चिमटीचिमटीएवढे भाग पाडले आणि डोक्यालगत बारीक वेण्यांच्या ओळी घालावयास आरंभ केला. मी पाहत उभी होतें. मान वर न करतां ती म्हणाली, "बाई, केस वाईट नाहींत. तुमची फणी बारीक आहे."

ह्या वाक्यास उत्तर मजपाशीं नव्हतें. तें शोधण्याकरितां मीं पुढें जें कांहीं वाचलें, त्याचा सारांश येथें देत आहें.

केस वळतो कां, हें आधीं पाहूं. केस त्वचेंतील एका सूक्ष्म नळींतून वर येतो. तिला केशकूप म्हणतात. ही नळी सरळ असली कीं केस सरळ येतो. ती आंकड्यासारखी वांकडी असली कीं केस वळतो. फार कुरळा केस आडवा कापून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिला, तर त्याचा छेद वाटोळा नसून लांबट व चपटा दिसतो. दोन्ही केसांचें द्रव्य मात्र एकच. आपल्या नखांत असतें तेंच केराटिन दोहोंतही असतें. तेव्हां सरळ केस उत्तम व कुरळे केस हीन, असा भेद सृष्टीनें केलेला नाहीं. तो मनुष्यानें केलेला आहे.

ह्या वळणांचे परिणाम तीन. डोक्याच्या त्वचेंतून जें नैसर्गिक तेल स्रवतें, तें सरळ केसांवरून सहज टोंकापर्यंत उतरतें. आट्यांच्या केसांवर तें घाटांतल्या गाडीप्रमाणें प्रत्येक वळणावर रेंगाळतें. म्हणून असे केस टोंकाकडे कोरडे पडतात. दुसरें असें कीं, प्रत्येक वळण ही केसाची नाजूक जागा होय. ओढाताण झाली कीं तो तेथें तुटतो. ज्यास मीं हट्टी म्हटलें, तो केस वस्तुतः सर्वांत सुकुमार होता ! तिसरें, ओले असतांना हे केस लांब दिसतात व सुकतांच आखडतात. वीतभर केस चार बोटांएवढा भासतो. 'आफ्रिकन लोकांचे केस वाढतच नाहींत' ही समजूत ह्यामुळेंच पसरली.

ह्या केसांचा मनुष्यास उपयोग काय, ह्याविषयीं अमेरिकेंतील शास्त्रज्ञांनीं केलेला एक प्रयोग २०२३ सालीं प्रसिद्ध झाला. मनुष्याकृति पुतळ्याचें डोकें ऊब देऊन शरीराइतकें उष्ण राखलें, त्यावर सरळ, मध्यम कुरळे व दाट कुरळे असे मानवी केसांचे टोप आळीपाळीनें चढविले आणि दिव्यांनीं उन्हासारखा ताप दिला. सर्वच केस उन्हापासून थोडेबहुत रक्षण करितात. परंतु दाट कुरळ्या केसांखालीं डोक्यास पोंचणारी उन्हाची उष्णता सर्वांत कमी भरली. उष्ण प्रदेशांत घाम फार न गाळतां मेंदू थंड राखणारी ही निसर्गाची छत्रीच म्हणावयाची.

आफ्रिकेंतील लोकांस ह्या केसांची निगा पूर्वींपासून ठाऊक होती. ईजिप्त व सूदान ह्या देशांतील जुन्या थडग्यांत सुमारें साडेपांच हजार वर्षांपूर्वींच्या फण्या सांपडल्या आहेत. त्यांचे दांत लांब आहेत. म्हणजे आमच्या वसतिगृहांत जी फणी नव्हती, ती नाईल नदीच्या तीरीं त्या काळींच होती ! नामिबियांतील हिंबा स्त्रिया लोणी व गेरू ह्यांचा लेप आपल्या बटांस लावितात. नायजेरियांतील योरुबा स्त्रिया केसांस दोरा गुंडाळून नाना आकार देतात. त्याच देशांतील ओजेइकेरे नांवाच्या छायाचित्रकारानें १९६८ सालापासून तेथील केशरचनांचीं शेंकडों छायाचित्रें घेतलीं. तीं पाहिलीं असतां, केशरचना हीही शिल्पाचीच एक शाखा आहे असें वाटूं लागतें.

मग ह्याच केसांची लाज कोठून आली ? तिचें उत्तर गुलामगिरीच्या इतिहासांत आहे. आफ्रिकेंतून माणसें पकडून अमेरिकेस नेतांना पुष्कळदां त्यांचें मुंडण करीत. मळ्यांवर त्यांस ना वेळ, ना तेल, ना योग्य फणी. कित्येकांनीं लोकर पिंजावयाच्या साधनानें केस विंचरून दिवस काढले. १७८६ सालीं लुइझियानाचा स्पॅनिश गव्हर्नर मिरो ह्यानें आज्ञा काढली कीं, आफ्रिकन वंशाच्या स्त्रियांनीं केसांचे अलंकार न मिरवितां डोकें फडक्यानें बांधावें. त्या स्त्रियांनीं आज्ञा पाळली खरी, पण रंगीबेरंगी, झोंकदार फेटे बांधून ! हीन दिसावें म्हणून जें लादलें, तेंच त्यांनीं भूषण करून टाकलें.

गुलामगिरी १८६५ सालीं कायद्यानें संपली; परंतु नोकरी व मान मिळवावयाचा तर केस सरळ हवेत, हा अलिखित नियम राहिला. विस्तवावर तापविलेल्या लोखंडी फणीनें केस दाबीत. पाऊस वा घाम लागला कीं ते पुनः मूळ वळणावर जात. पुढें रासायनिक लेप आले. त्यांपैकीं कित्येकांत सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे साबण करावयास वापरतात तो कॉस्टिक सोडा, असे. लेप थोडा अधिक वेळ राहिला कीं डोक्याची कातडी भाजे. शिवाय मुळांतून येणारा नवा केस कुरळाच. म्हणून कांहीं आठवड्यांनीं तीच यातना पुनः सोसावयाची. अमेरिकेंत ३३ हजारांहून अधिक स्त्रियांची सुमारें ११ वर्षें पाहणी करण्यांत आली व तिचा निष्कर्ष २०२२ सालीं प्रसिद्ध झाला. वयाच्या सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचें प्रमाण असे लेप न लावणाऱ्या स्त्रियांत १.६४ टक्के, तर वारंवार लावणाऱ्यांत ४.०५ टक्के असावें, असा तो अंदाज होता. एवढ्यानें कारण सिद्ध झालें असें नव्हे. तथापि सावध होण्यास तें पुरेसें आहे.

ह्याच काळांत मॅडम सी. जे. वॉकर ह्या नांवानें प्रसिद्ध झालेल्या स्त्रीचें चरित्र लक्षांत ठेवण्यासारखें आहे. तिचा जन्म १८६७ सालीं लुइझियानांत झाला. तिचे आईबाप गुलाम होते व ती स्वतः धुणीं धुऊन पोट भरीत असे. स्वतःचे केस गळूं लागल्यावर ती ह्या विषयाकडे वळली आणि आफ्रिकन वंशाच्या स्त्रियांच्या केसांकरितां औषधें व तेलें तयार करून तिनें मोठा धंदा उभारला. १९१९ सालीं ती वारली, तोंपर्यंत हजारों स्त्रियांस तिच्या धंद्यांत स्वकष्टाची मिळकत लाभली होती. तिच्या पद्धतींत तापलेली फणीही होती, म्हणून कोणी तिला नांवें ठेवितात. परंतु आपले केस काळजी घेण्याच्या योग्यतेचे आहेत, हें तिनें पुष्कळांस शिकविलें.

खरा पालट १९६० नंतरच्या दशकांत झाला. १९६२ च्या जानेवारींत न्यूयॉर्कच्या हार्लेम भागांत एक समारंभ झाला; त्यांत कृष्णवर्णीय तरुणी आपले केस सरळ न करतां, जसे उगवतात तसेच ठेवून लोकांपुढें आल्या. 'काळें तें सुंदर' हा घोष पुढें देशभर झाला आणि डोक्याभोंवतीं प्रभावळीसारखा शोभणारा 'आफ्रो' स्वाभिमानाची खूण ठरला.

तथापि शाळा व कचेऱ्या लवकर बदलल्या नाहींत. १९८१ सालीं एका विमान कंपनींतील कर्मचारिणीनें डोक्यालगतच्या वेण्यांस असलेल्या बंदीविरुद्ध न्यायालयांत दाद मागितली, ती फेटाळली गेली. २०१६ सालीं दक्षिण आफ्रिकेंत, प्रिटोरिया येथील मुलींच्या एका शाळेंत, विद्यार्थिनींनीं आपल्या केसांविषयींच्या नियमांविरुद्ध आवाज उठविला. त्यांत अवघ्या तेरा वर्षांची मुलगी पुढें होती. चौकशी बसली व नियमाचा पुनर्विचार करावा लागला. २०१९ च्या जुलईंत कॅलिफोर्निया राज्यानें 'क्राउन', म्हणजे मुकुट, ह्या नांवाचा कायदा केला. केसांचा पोत वा ठेवण पाहून शाळेंत किंवा नोकरींत पंक्तिप्रपंच करूं नये, असें तो सांगतो. पुढें वीसांहून अधिक राज्यांनीं तसेच कायदे केले. सर्व राष्ट्राकरितां मांडलेलें विधेयक मात्र २०२२ सालीं एका सभागृहांत संमत होऊनही पुढें अडलें.

आतां निगेची रीत सांगतें. जिचे अथवा ज्याचे केस असे असतील, त्यांस ती उपयोगी पडेल. हे केस रोज धुवूं नयेत. आठवड्यांतून किंवा पंधरवड्यांतून एकदां पुरे. विंचरावयाचे ते ओले व स्निग्ध असतांना, आधीं बोटांनीं व मग रुंद दातांच्या फणीनें. तेंही टोंकाकडून आरंभ करून हळूहळू मुळाकडे जावें. प्रथम पाणी व नंतर तेल, हा क्रम. कारण तेल ओलावा कोंडून धरतें, स्वतः ओलावा देत नाहीं. पश्चिम आफ्रिकेंत ह्याकरितां शिआ नांवाच्या झाडाच्या बियांचें लोणी वापरतात. आपल्याकडे खोबरेल आहेच. नंतर केसांचे भाग करून पीळ किंवा वेण्या घालाव्या. डोक्यालगत ओळींनीं घातलेल्या वेण्यांस अमेरिकेंत मक्याच्या ओळी म्हणतात, आणि वेस्ट इंडीजमध्यें उंसाच्या ओळी ! ज्या शेतांत राबले, त्याचेंच नांव त्यांनीं मस्तकावर धारण केलें. अशा वेण्या दीड-दोन महिने ठेवतां येतात. मात्र कपाळाजवळ त्या फार घट्ट ओढूं नयेत. सतत ताण बसला तर तेथील केस कायमचे जातात. रात्रीं निजतांना डोक्यास रेशमी किंवा साटीनचें फडकें बांधावें. सुती उशी घासून केसांतलें तेल शोषून घेते.

कोणी विचारील कीं, मग शाळेंत नियमच नको काय ? नियम अवश्य हवा. परंतु कोणता, हें पाहिलें पाहिजे. 'केस स्वच्छ असावे' हा नियम सर्वांकडून सारखीच मेहनत मागतो. 'केस सरळ असावे' हा नियम एकीकडून कांहींच मागत नाहीं आणि दुसरीकडून तिचें रूपच मागतो. दिसावयास दोन्ही नियम सर्वांस सारखे. पण पहिला शिस्त शिकवितो, दुसरा लाज. मीं शिस्त म्हणून लाज शिकविली, हा माझा अपराध. कोणी मोठेपणीं स्वखुशीनें केस सरळ करील, तर तो तिचा प्रश्न. तिलाही हंसूं नये. नको ती सक्ती व नको तो उपहास. आपल्याकडेही केस किंचित् कुरळे असले तर कौतुक होतें आणि फार कुरळे असले तर टोपणनांव पडतें, हें तुम्हीं ऐकलें असेलच. तसें टोपणनांव तुमच्या तोंडीं असेल, तर तें आजच टाका.

म्हातारी गेल्यावर मीं त्या मुलीची क्षमा मागितली. ती हंसली नाहीं कीं रडली नाहीं. तिनें एवढेंच विचारलें, "बाई, मग ह्या वेण्या आतां चालतील ना ?" मीं म्हटलें, "चालतील, बाळ." त्याच शनिवारीं बाजारांतून रुंद दातांची फणी आणविली, आणि नियमांच्या तक्त्यावरील 'दोन घट्ट वेण्या' हे शब्द खोडून त्यांचे जागीं 'स्वच्छ धुतलेले व नीट बांधलेले केस' असें माझ्या हातानें लिहिलें. दुसऱ्या दिवशीं ती वर्गांत ओढणीवांचून बसली होती.